बायडावहिनींनी मागितलेली सुट्टी

...आणि तेवढ्यात चुलीपुढनं आवाज आला, "मलाबी सुट्टी पायजे."

काल इथवर आलो होतो आणि दूध उतू गेलं म्हणून सगळे उठून पळाले. गोष्ट आपली उंबऱ्यातच बसून राहिली. तसं बघितलं तर फार बिघडलं नाही. ते वाक्य कानावर पडल्यावर खुद्द नाथादादासुद्धा हातातला घास हातातच धरून बराच वेळ बसला होता.

काल जे नव्हते त्यांना माणसं ठाऊक पाहिजेत, म्हणून थोडं मागचं सांगतो. नाथादादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ नाथाजी. त्याचं घर आणि माझं घर एका भिंतीचं. तिकडं फोडणी पडली की इकडं ठसका लागायचा. बायडावहिनी ही त्याची बायको, आणि जालिंदर त्यांचा एकुलता एक मुलगा, मिलिट्रीत. सासष्ट साल होतं. आदल्या साली लढाई झाली होती, त्या दिवसांत वहिनींनी कशी भाकरी गिळली हे त्यांचं त्यांना माहीत. तो जालिंदर धडधाकट अंगानं चैत्रात दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आला. येताना चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर घेऊन आला. मग काय, संध्याकाळी अख्खी गल्ली नाथादादाच्या सोप्यात. ज्वारीच्या पोत्यावर ट्रान्झिस्टर, भोवतीनं माणसं. शेजारची म्हातारी पारूबाई आतनं बाप्या बोलायला लागला की डोक्यावर पदर घ्यायची, आणि बाई गायला लागली की पदर सोडून मांडीवर ताल धरायची.

पण ट्रान्झिस्टरपेक्षा गावाला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जालिंदर सकाळी उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायचा. उठला की आंब्याखाली बाज टाकून लोळायचा. नाथादादानं दोन-तीन दिवस बघितलं आणि कपाळाला हात लावून विचारलं, कणकण आहे का अंगात. जालिंदर म्हणाला, न्हाई आबा, सुट्टी हाय. आणि मग त्यानं आम्हाला सगळ्यांना समजावून सांगितलं. मिलिट्रीत सुट्टी काम संपलं म्हणून देत नाहीत, कारण तिथंही काम संपत नाही. वर्षातनं एकदा माणसानं माणसासारखं बसावं, मनाला येईल ते करावं, म्हणून ती हक्कानं देतात आणि माणूस हक्कानं घेतो. आम्हाला हे पटायला जड गेलं. आमच्याकडं रिकामं बसणारा एक तर आजारी, नाही तर पाहुणा. बोलता बोलता जालिंदरनं चुलीकडं मान वळवून विचारलं, "आई, तू कवा गं गेल्तीस सुट्टीवर?"

वहिनी भाकरी थापत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले होते, मीही चटणी मागायला म्हणून गेलो आणि पाटावर बसलो होतो, तेव्हा त्यांनी ते वाक्य टाकलं.

नाथादादानं घास खाली ठेवला. "सुट्टी घिऊन जानार कुठं? म्हायेरला?"

"म्हायेरला गेलं की वयनी म्हंत्यात, वन्सं आल्या, आता भाकरी वन्संच्या हातची."

"मग देवाला जाऊन ये."

"देवाला गेलं की उपास, निवद, पुरनाचा सैपाक. ती काय सुट्टी झाली?"

"मग करायचंय तरी काय?"

वहिनींनी तव्यातली भाकरी उलटली आणि भाकरीकडं बघतच म्हणाल्या, "मला पवायला शिकायचंय."

आता तुम्ही म्हणाल, नदीकाठच्या गावात पोहायला शिकण्याची काय एवढी मोठी गोष्ट. तर ते समजायला वहिनींचं माहेर बघायला पाहिजे. त्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, दहिवडीच्याही पलीकडच्या. तिकडं उन्हाळ्यात पोरींनी विहिरीच्या तळात उतरायचं, झऱ्याला वाटी लावायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. एक घागर भरेपर्यंत एका पोरीचं गाणं संपून दुसरीचं सुरू व्हायचं. पाण्यात हात बुडवला तर आई हातावर चापट मारायची, कारण हाताला लागून पाणी वाया जातं. अशी ही पोर लग्न होऊन आमच्या कृष्णाकाठी आली. सासूनं पहिल्याच दिवशी घागर देऊन घाटावर नेलं. वैशाखातही आमच्या गावासमोरचा डोह काठोकाठ भरलेला असतो. नव्या नवरीनं पदराआडनं इकडं तिकडं बघितलं आणि सासूला विचारलं, "आत्याबाई, ह्ये समदं कुनाचं?" सासू म्हणाली, कुनाचं न्हाई, भर घागर.

तेव्हापासनं वहिनी रोज त्या नदीवर जात होत्या. धुणं, भांडी, पाणी. पण गुडघ्याच्या वर नदी त्यांना कधी लागली नव्हती. वरच्या अंगाला पुरुषांचा घाट. तिथली गंमत खालच्या घाटावरनं नुसती ऐकायची. आणि गंमत तरी केवढी. चैत्र सरला की रानं मोकळी, शाळा सुटलेल्या, मुंबईचे गिरणीवाले सुट्टीवर आलेले. दुपारी अख्खा गाव डोहात. उंबराच्या फांदीवरनं सूर मारायचे, बुडी मारून तळातली वाळू आणायची, कुणाच्या तरी लंगोटाला गाठी मारायच्या. नाथादादा त्या डोहातला राजा माणूस, पूर आला तरी मधल्या धारेत उडी टाकणारा. पाण्यावर उताणा पडून, हात न हलवता, अख्खी विडी ओढून संपवायचा. आम्ही काठावरनं मोजदाद ठेवायचो, की राख पाण्यात पडली का छातीवर. बायकांच्या घाटावर मात्र पोहणं नव्हतं. पोहायच्या त्या एकट्या नावाड्याच्या घरच्या बायका, कारण त्यांचं पोट नदीवर.

तर नाथादादानं सुट्टी मंजूर केली. मनातनं नव्हे, त्याला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे, नाकात पाणी गेलं की उतरेल. मृग लागेपर्यंत चूल अंजनाकडं, असं ठरलं. अंजना म्हणजे जालिंदरची बायको, आणि नात्यानं वहिनींच्या सख्ख्या भावाची लेक. भाची सून करून आणलेली, त्यामुळं ती सासूला आत्याच म्हणायची. पोर कामाची, हुशार, फक्त भाकरी जरा जाड. नाथादादा दोन महिने ती जाड भाकरी तक्रार न करता खात होता, हेही त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

गावाला बातमी लागायला काय उशीर? चावडीवर लालासाहेब म्हणून एक गृहस्थ बसलेला असायचा. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते त्याला त्या घरच्याआधी कळायचं. तो म्हणाला, आज नाथाजीच्या बायकोनं सुट्टी मागितली, उद्या त्याच्या म्हशी मागतील. कुणीतरी ते वहिनींच्या कानावर घातलं. वहिनींनी उलट निरोप धाडला, की म्हशी रोज दुपारी डोहात बसतातच, त्यांना मागायची गरज पडत नाही. गरज बायकांना पडते. त्यानंतर लालासाहेबानं म्हशींचा विषय काढला नाही.

शिकवायला शालूबाई. नावाडी सिद्धू याची बायको, काळीसावळी, हाडानं काटक, तोंडानं तिखट. दुपारी जेवणं होऊन गाव आडवा झाला की खालच्या घाटावर या दोघी. वहिनी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून पाण्यात उतरायच्या आणि पहिले काही दिवस पायरी सोडायला तयार व्हायच्या नाहीत. शालूबाईनं त्यांच्या पोटाखाली हात धरला की त्या दोन्ही हातांनी पाणी थापटायच्या, असं, चपाचप. शालूबाई ओरडायची, "भाकरी थापतीस व्हय गं बायडाक्का? पान्याला मारू नगंस. चुलीतली राख मागं वडतीस का न्हाई, तसं मागं वड." हे मात्र वहिनींना चटकन समजलं. राख ओढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मला हे कसं ठाऊक, तर माझा मळा खालच्या घाटाला लागून, आणि शेजारी नाथादादाचा ऊस. त्या वर्षी नाथादादा दुपारी डोहात जायचाच बंद झाला. जेवला की खुरपं घेऊन नदीकडच्या सरीत. एरवी भांगलणीला बायका लावणारा माणूस, पण त्या कोपऱ्यातल्या उसाला त्यानं जेवढं खुरपलं तेवढं उभ्या जन्मात खुरपलं नसेल. गवताची काडी उरली नाही तरी हा तिथंच बसलेला. मी एकदा विचारलं, दादा, इथं काय पेरलंय का सोन्याचं? तर म्हणाला, हुमणी पडलीया. हुमणी कुठली? अळी एक दिसत नव्हती, मान सगळी नदीकडं.

हळूहळू वहिनी पायरी सोडायला लागल्या. शालूबाईनं आपल्या घरचा वाळका भोपळा त्यांच्या कमरेला मागनं बांधला. आमच्याकडं पोहायला शिकणारा तसाच शिकतो. मोठा दुध्या भोपळा वेलावरच पिकू द्यायचा, वाळवायचा, आतली हवा आतच. तो दोरीच्या जाळीत घालून कमरेला बांधला की माणूस बुडत नाही. भोपळा मागं टुणटुण उड्या मारतोय आणि वहिनी पुढं राख ओढतायत, असं ते सगळं चाललेलं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हसता हसता थांबून बघायला लागल्या. पारूबाई म्हातारी तर एकदा काठावर बसून म्हणाली, "बायडे, या वयात मासोळी हून काय करनार गं?" आणि थोड्या वेळानं तीच म्हणाली, "गार लागतं का गं आत?"

जालिंदरची सुट्टी संपली, तो गेला. वहिनींची चालूच होती. आणि इथनं चावडीनं दुसरा सूर लावला. बायकोला नाचवतो, काठावर बायकोची कापडं राखतो, असं नाथादादाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. नाथादादा रागीट नव्हता, पण माणूस होता. एक दिवस घाटावर येऊन, शालूबाई आणि सिद्धू दोघांच्या देखत, त्यानं सांगून टाकलं, की हे असं काठाकाठानं चाललंय ते काही खरं नाही. मृग लागायच्या आत एकटीनं पैल काठ गाठायचा, भोपळा घेतला तरी चालेल. गाठला, तर जन्मभर नदीत पोहायला मोकळी, कोण काय बोलतंय ते तो बघून घेईल. नाही गाठला, तर पुन्हा गुडघ्याच्या वर नदीत जायचं नाही, आणि विषय कायमचा बंद.

वहिनी पाण्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "शब्द हाय न्हवं?"

"हाय."

आता हे लक्षात घ्या. आमचा डोह रुंदीला काही थोडाथोडका नाही, आणि मधोमध धारेला ओढ आहे. चांगली पोहणारी पोरंसुद्धा पैल काठी गेली की वाळूत पडून आधी दम घेतात, मग तिथल्या मळईतली, म्हणजे काठच्या गाळाच्या रानातली, कलिंगडं चोरतात. वहिनींना शिकायला लागून जेमतेम दोन महिने. हरल्या असत्या तर नदी रोज डोळ्यांपुढं, आणि घागरीशिवाय तिच्याकडं जायचं कारण नाही. मला तर वाटतं, त्यांना माणातल्या माणातच राहिलेलं बरं वाटलं असतं.

मृगाला थोडे दिवस उरले होते. वळवाचा एक शिंतोडा झालेला, अजून पाणी गढूळ झालेलं नव्हतं. सकाळच्या उन्हात आम्ही घाटावर जमलो. आम्ही म्हणजे नाथादादा, मी, शालूबाई, सिद्धू, अंजना, आणि ज्यांना काहीच काम नव्हतं असा अर्धा गाव. शालूबाई आपला भोपळा घेऊन आली, तर नाथादादानं हात आडवा केला. परक्याचा भोपळा कशाला? घरात माझ्या बापाच्या हातचा आहे. त्याच्यावर मी शिकलो, जालिंदर शिकला, त्यानं कुणाला दगा दिलेला नाही. असं म्हणून त्यानं आढ्याला टांगलेला घरचा भोपळा जाळीसकट काढून आणला होता, तो पुढं केला. बघा, सकाळपर्यंत हा माणूस म्हणत होता, की हिला जमायचं नाही. आणि आता बापाचा भोपळा तिच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधत होता. टिचकी मारून बघितली, टणटण वाजला. शालूबाई नाथादादाला एवढंच म्हणाली, "बापू, सुरगाठ मारा. निरगाठ नगं." त्यानं सुरगाठ मारली.

इथं मला गोष्ट जरा अडवावी लागते.

आमच्या नदीकाठी वाळका भोपळा म्हणजे पोहायचा. पण माणात नदी कुठली? तिकडं वाळका भोपळा म्हणजे बियाणं ठेवायचा. देठाजवळ भोक पाडायचं, आतला गाभा काढायचा, बी भरायचं, चिंधीचा बोळा घालायचा आणि वरनं शेणमातीनं लिंपून टाकायचं. वर्षभर कीड नाही, मुंगी नाही. चूल ताब्यात आल्यावर अंजनानं घर झाडलं, तिला आढ्याला एक सुरेख भोपळा रिकामा टांगलेला दिसला. हुशार पोर. तिनं तिच्या आईनं केलं असतं तेच केलं. दोडक्याचं आणि घेवड्याचं बी त्यात भरलं. पेरणी जवळ आली म्हणून आदल्याच दिवशी बी उन्हात घालायला काढलं, आणि आत उंदीर घर करायला नको म्हणून भोक परत तसंच लिंपून, भोपळा जाळीत घालून, जागच्या जागी टांगला. लिंपणं इतकं सफाईचं, की वाळल्यावर भोपळ्याच्या रंगाला रंग मिळाला. त्या सकाळी तो भोपळा सासूच्या कमरेला बघूनही तिच्या मनात काही आलं नाही. उलट आपण भोक कसं घट्ट बुजवलंय याचा तिला मनातनं अभिमानच. शेण पाण्यात विरघळतं, हे तिला कोण सांगणार? ती जिथनं आली तिथं लिंपलेल्या शेणाला पाणी लागतंच कधी?

तर वहिनी पाण्यात उतरल्या. नदीला हात जोडले, काष्टा चाचपला आणि सुटल्या. पहिला टप्पा काय सांगू तुम्हाला. सरळ, सावकाश, राख ओढल्यासारखे हात, मागं भोपळा टुणटुण. काठावरच्या बायका कधी नव्हे त्या गप्प. लालासाहेब दोनदा म्हणाला, की अजून धार यायचीय, आणि दोन्ही वेळा पारूबाईनं त्याला कोपर मारलं.

धार आली. वहिनी धारेत शिरल्या, थोड्या खाली वाहवल्या, पण हात चालू. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की भोपळा उड्या मारत नाही. तो आधी अर्धा दिसत होता, मग पाव, आणि मग पाण्याच्या वर दिसेनासाच झाला.

त्या वेळी आत काय झालं, ते पुढं वहिनींनीच मला सांगितलं. त्यांना वाटलं, मागनं कुणीतरी पदर धरून ओढतंय. आधी वाटलं मोठा मासा, मग वाटलं डोहातला म्हसोबा. तेवढ्यात पाठीमागं बुडबुड बुडबुड ऐकू आलं. घागर भरताना येतो तोच आवाज. तो आवाज त्या जन्मभर ऐकत आलेल्या. त्यांना लगेच कळलं, की भोपळ्यात पाणी भरतंय. आता गाठ सोडायची तर हात पाण्यातनं काढायला पाहिजे, आणि हात काढला की बुडायचं. त्यांनी तोंड मिटलं, हात मागं नेला आणि टोक ओढलं. गाठ सुटली. पण त्या खाली गेल्या.

काठावरनं आम्हाला एवढंच दिसलं: भोपळा नाही, आणि वहिनींचं डोकंही नाही.

नाथादादानं उडी टाकली. डोक्याला तांबडा फेटा, पायात वहाणा, धोतर, सदरा, सगळ्यासकट. एवढा पट्टीचा पोहणारा, पण त्या दिवशी त्याचे हात नदीला मारायला लागल्यासारखे चालले होते. इकडं भोपळा बुडाला म्हटल्यावर अंजनाला आपण लिंपलेलं भोक आठवलं, आणि ती पायरीवरच बसली. बोबडी वळलेली. तिच्या तोंडनं तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर पडलं, तोवर सिद्धूनं नाव सोडली होती. मी अंजनाला उचलून नावेत बसवलं आणि दुसरं वल्हं धरलं. शालूबाई तेवढी हलली नाही. ती कपाळावर आडवा हात धरून पैल काठाकडं बघत होती. म्हणाली, "कुठं निघालासा? त्ये बगा की."

वहिनींचं डोकं धारेच्या पलीकडं वर आलं होतं. खोकत होत्या, केस तोंडावर, पण हात चालू होते. मागं भोपळा नव्हता, बाजूला कुणी नव्हतं. मागं काठ लांब, पुढं काठ जवळ, म्हणून त्या पुढं चालल्या होत्या. आमच्या काठावर एकच गलका उठला.

हे सगळं गावाला दिसलं, दिसलं नाही ते एकट्या नाथादादाला. तो नदीच्या मधोमध बुड्या मारत होता. वर यायचा, श्वास घ्यायचा, परत खाली. भिजलेला फेटा कानांवर बसलेला, त्यामुळं आमच्या हाका त्याला पोचेनात. वहिनी वाळूवर पोचल्या, पदर पिळला, मागं वळून बघतात तर नवरा धारेत. त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. आवं, काय शोधताय? आवं, इकडं बगा. आवं, मी हितं हाय. त्या एका बुडीत फेटा सुटला आणि कान मोकळे झाले, तेव्हा कुठं त्यानं मान वळवली. तांबडा फेटा उलगडत उलगडत नदीवर लांबलचक पसरला, आणि आम्ही तो नावेतनं गोळा करत करत पैल काठाला लागलो.

नाथादादा आमच्या आधी पोचला होता. वाळूत बसला होता. एक वहाण होती, एक नव्हती. पाण्यावर पडून विडी ओढणारा माणूस, पण आता भिजलेल्या विडीला भिजलेलीच काडी घासत होता. वहिनी त्याच्यासमोर उभ्या, गालाला वाळू लागलेली, आणि तोंडावर असा उजेड, की काय सांगू. लेक लढाईवरनं परत आला त्या दिवशीच तसा बघितला होता मी.

अंजना नावेतनं उतरली ती थेट दोघांच्या पायांशी. आत्या, मी भोक पाडलं, मला ठावं न्हवतं, असं म्हणत रडायला लागली. मला वाटलं, आता नाथादादा तिच्यावर उखडणार. पण त्यानं तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. म्हणाला, चूक तुझी नाही पोरी, भोपळा मी बांधला.

 सिद्धू नाव धरून उभा होता. पलीकडच्या काठावर बायका अजून ओरडत होत्या, पारूबाई तर घोट्याएवढ्या पाण्यात येऊन दोन्ही हात हलवत होती. नाथादादानं त्या सगळ्याकडं पाठ केली.

"ठरल्यालं समदं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू काठ गाठलास, मी बगितलं. पर आज तू गेलीस असं मला वाटलं, आन त्ये मी परत बगू शकनार न्हाई. आजपास्नं नदीत पाय घालायचा न्हाई. चल, बस नावंत."

अंजनाचं रडणं थांबलं. सिद्धूनं मान खाली घातली. शब्द दिला तेव्हा तो साक्षीला होता, पण नवराबायकोच्या मध्ये नावाड्यानं काय बोलावं?  मला दादाचं म्हणणं कळत होतं, आणि वहिनींचा चेहराही दिसत होता.

वहिनी नावेकडं गेल्या, पण बसायला नाही. नावेतनं त्यांनी तो ओला फेटा काढला, दोन्ही हातांनी पीळ देऊन पाणी काढलं, झटकला आणि नवऱ्याच्या पुढ्यात उकिडव्या बसून त्याच्या मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या जे बोलल्या त्यातला शब्द न शब्द मला आजही पाठ आहे.

"आवं, तुमी आज एक डाव काठावर हुबं ऱ्हायला, तर ही दशा झाली. दर पुराला तुमी मधल्या धारंत उडी टाकता, तवा मी तुमची कापडं छातीशी धरून घाटावर हुबी असते. कवा म्हनलं का मी, की पानी सोडा? भ्या वाटतंया तर वाटू द्या, मलाबी मगाशी वाटलं. पर त्या भ्याची किंमत म्हनून माजी नदी मागू नगासा, ती मी न्हाई देनार. नावंतनं अंजनाला न्या, पोर घाबारल्याय. तुमी जरा सावलीला बसा, दम खावा, धोतर नीट खोचा. आन मग दोगंबी संगंच पवत घरला जाऊ. मी फुडं हुते, तुमी मागनं या."